न परतलेला पेशंट

शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात हाच त्याचा पुरावा, असं मी पुष्कळ वर्षं मानत आले. जबड्याच्या फ्रॅक्चरवर आणि दातांच्या इम्प्लांटवर जगभर जे क्लिनिकल संशोधन चालतं त्याबद्दल मला आदर होता, पण तो लांबूनच. शोधनिबंध वाचायचे परीक्षेसाठी, लिहायचे बढतीसाठी, आणि टेबलावर पेशंट आला की गुरूंनी शिकवलेलं आणि आपल्या हाताला पटलेलं करायचं, अशी माझ्या मनात सरळ वाटणी होती. आज ती राहिलेली नाही. ती का मोडली आणि मोडल्यावर मला काय काय सोडावं लागलं, ते सांगावंसं वाटतं. कारण याचा संबंध माझ्यापेक्षा माझ्या पेशंटांशी जास्त आहे.

मी मॅक्सिलोफेशियल सर्जन, म्हणजे जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया करणारी. जिल्ह्याच्या गावात दंतमहाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे जबडा मोडून येणारा माणूस बहुतेक वेळा दुचाकीवरून पडलेला असतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. जे वाचले आणि तोंड मोडून घेऊन घरी गेले, त्यांचा हिशेब या आकड्यात नाही. तो आमच्या वॉर्डात असतो. खालचा जबडा ठरलेल्या जागी मोडतो. कानापुढे सांध्याखालची बारीक मान, अक्कलदाढेमुळे पोकळ झालेला मागचा कोपरा, आणि सुळ्याच्या लांब मुळाजवळची जागा. मार हनुवटीला बसतो आणि हाड कानाजवळ तुटतं, याचं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला नेहमीच नवल वाटतं.

या कामात हातावर विश्वास बसणं सोपं आहे, कारण उत्तर लगेच मिळतं. वरचे-खालचे दात तारांनी बांधायचे, तुकडे जुळवायचे, प्लेट बसवायची, स्क्रू आवळायचे, तारा सोडून जबडा हलवून बघायचा. दातावर दात बसले की काम झालं. ऑपरेशननंतरची ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, उजेडासमोर धरली की जुळलेली रेघ दिसते आणि मन शांत होतं. आठवड्याने टाके काढायला पेशंट येतो, महिन्याने कदाचित येतो, पुढे येत नाही. जो आला नाही तो बरा झाला, असं मी धरत असे. आमच्यातले बहुतेक जण तसंच धरतात. हे गृहीतक इतकं खोल बसलेलं असतं, की ते गृहीतक आहे हेच ध्यानात येत नाही.

त्याला पहिला धक्का दिला तो जबड्याच्या कोपऱ्याच्या फ्रॅक्चरने. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

१९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये काही अस्थिशल्यचिकित्सक एकत्र आले आणि एओ नावाचा गट उभा राहिला. मोडलेलं हाड तसूभरही हलू नये असं घट्ट बांधलं की ते लवकर आणि नीट जुळतं, हे त्यांचं सूत्र. पुढे ते जबड्यावरही आलं: जाड प्लेट, दोन्ही बाजूंच्या कठीण थरांतून आरपार जाणारे स्क्रू, आणि त्यासाठी बऱ्याचदा गालाबाहेरून छेद. मग फ्रान्समध्ये मिशेले आणि त्यांच्यामागोमाग स्ट्रासबुर्गचे मॅक्सीम शाम्पी यांनी वेगळीच वाट धरली. शाम्पींनी प्रयोगशाळेत दाखवलं, की चावताना जबड्याची वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. ओली काठी वाकवली की वरची साल ताणते, तसं. मग ताणाच्या रेषेवर, फक्त बाहेरच्या थरात स्क्रू घालून, तोंडाच्या आतूनच एक लहान प्लेट लावली तरी पुरे. १९७८ मध्ये त्यांचं काम इंग्रजीत आलं आणि ती लहान प्लेट जगभर गेली.

मी शिकले तेव्हा शाम्पींच्या रेषा पाठ होत्याच. तरी कोपऱ्यावर माझे सर दोन प्लेट घालायचे, एक वरच्या कडेला आणि एक खालच्या. "दोन असल्या की रात्री झोप लागते," असं ते म्हणायचे. मलाही झोप हवी होती. मीही दोन घालू लागले. प्रयोगशाळेतल्या नमुन्यावर दोन प्लेट एकीपेक्षा मजबूत ठरतात, हे खरंच आहे. मग शंका कुठून यावी?

शंका आली टेक्ससमधल्या डॅलसहून. एडवर्ड एलिस हे तेव्हा तिथले सर्जन. त्यांचं इस्पितळ सरकारी, पेशंट बहुतेक गरीब. त्यांनी कोपऱ्याच्या फ्रॅक्चरवर एकामागून एक पद्धत वापरली आणि प्रत्येकीचा निकाल छापला. १९९९ मध्ये दहा वर्षांच्या अनुभवाचा गोषवारा आला. तारांनी बांधून ठेवणं, जाड प्लेट, दाब देणाऱ्या प्लेट, दोन लहान प्लेट, एक लहान प्लेट, हे सगळं त्यात होतं. मोठी गुंतागुंत सगळ्यांत कमी झाली ती वरच्या कडेला लावलेल्या एकाच लहान प्लेटने. दोन लहान प्लेटचा निकाल तिच्याहून वाईट होता.

प्रयोगशाळा एक सांगते आणि तोंड दुसरं सांगतं, असं का व्हावं? यावर पुष्कळ विचार झाला आहे. दुसऱ्या प्लेटसाठी हाडावरचं आवरण आणखी सोलावं लागतं, आणि रक्त त्या आवरणातूनच येतं. शिवाय जबडा मोडलेला माणूस पुढचे कित्येक आठवडे पूर्ण जोराने चावतच नाही. त्याच डॅलसच्या गटाने पेशंटांच्या चाव्याचा जोर मोजून हे दाखवलं. प्रयोगशाळेतल्या यंत्राला दुखत नाही. माणसाला दुखतं आणि तो आपणहून जपतो.

एलिस यांच्या कामातलं मला सगळ्यांत भिडलं ते त्यांचं वाईट निकाल छापणं. पू झाला, प्लेट काढावी लागली, पुन्हा भरती करावं लागलं, सगळं पद्धतवार मांडलेलं. एवढी गुंतागुंत आमच्याकडे होत नाही, असं मी तो निबंध पहिल्यांदा वाचताना समाधानाने म्हटलं होतं. माझ्या पद्धतीत काडीचाही फरक पडला नाही.

फरक पडला तो नंतर, माझ्या एका विद्यार्थिनीच्या थिसिसच्या वेळी. तिच्या विषयासाठी आमच्या जुन्या पेशंटांशी संपर्क करायचा होता. केसपेपरवरच्या नंबरांवर ती रोज संध्याकाळी फोन करत बसायची. पुष्कळ नंबर बंद झाले होते. जे लागले त्यांतले बरेच ठीक होते. पण काहींशी बोलून ती माझ्या खोलीत यायची आणि म्हणायची, "मॅडम, हे आपल्या वहीत 'बरे' म्हणून आहेत." एकाने प्लेट आपल्या तालुक्याच्या गावी काढून घेतली होती. एकाच्या हिरडीतून महिनोन्महिने पाणी येत होतं. तो मेडिकलमधून गोळ्या घेत होता. एका बाईंचा खालचा ओठ बधिरच राहिला होता, चहा सांडला तरी कळत नव्हतं. त्यांना वाटलं, जबडा मोडल्यावर असंच होत असणार. डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा. कुणालाच माझ्यावर राग नव्हता. परत यायला वेळ नव्हता, भाडं नव्हतं, सुट्टी नव्हती, किंवा एकदा दुखलं तिथे पुन्हा जायला मन धजत नव्हतं.

आमच्याकडे एवढी गुंतागुंत होत नाही, हे वाक्य त्यानंतर मी उच्चारलेलं नाही. माझ्या अनुभवात फक्त परत आलेली माणसं होती, आणि त्या अनुभवाच्या आधारावर मी जगाचं संशोधन तोलत होते. सगळ्या पेशंटांचा, आलेल्या आणि न आलेल्यांचा, ठरवून पाठपुरावा करणं, एवढंच चांगल्या क्लिनिकल संशोधनाचं सार आहे असं मला आता वाटतं. त्यातलं संख्याशास्त्र नंतरचं.

एकदा हे पटल्यावर बाकीच्या सवयीही पुन्हा तपासाव्या लागल्या. फ्रॅक्चरच्या रेषेत आलेला दात सरसकट काढायचा, ही जुन्या काळची शिकवण. पेनिसिलिन नव्हतं तेव्हा तीत अर्थही होता. आज जो दात घट्ट आहे, ज्याचं मूळ मोडलेलं नाही, ज्याला जंतुसंसर्ग नाही आणि जो तुकडे जुळवण्याच्या आड येत नाही, तो ठेवावा असंच पुरावा सांगतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, मोडलेल्या हाडांच्या अध्यायात, तरुणाचे हललेले पण न मोडलेले दात दाबून जागेवर बसवावेत आणि वृद्धाचे मात्र त्या वाटेला जाऊ नये, असा भेद केलेला आहे. प्राचीनांना सगळं ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. पण कुणाचा दात ठेवायचा आणि कुणाचा नाही, हा प्रश्न त्यांनीही माणूस बघून सोडवला, हे वाचून मला बरं वाटलं.

अँटिबायोटिकचंही तसंच. ऑपरेशनच्या वेळी आणि फार तर पहिले चोवीस तास दिलेलं औषध उपयोगी पडतं. पुढे पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवल्याने साध्या केसमध्ये संसर्ग कमी होतो, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. तरी डिस्चार्ज कार्डावर त्या गोळ्या लिहायचं थांबवणं मला दुसरी प्लेट सोडण्याहून जड गेलं. पेशंटही विचारतात, "गोळ्या नाहीत का लिहिल्या?" त्यांना समजावण्यात आता माझा बराच वेळ जातो आणि तो सत्कारणी लागतो असं मला वाटतं.

कमी करा, कमी चिरा, कमी औषध द्या, एवढाच संशोधनाचा रोख असता तर गोष्ट सोपी होती. पण कानापुढच्या सांध्याच्या मानेचं फ्रॅक्चर मला उलट दिशेने घेऊन गेलं. तिथे मी न चिरणाऱ्यांच्या बाजूची होते. त्या जागेवरून चेहऱ्याची नस जाते. ती दुखावली तर पापणी मिटत नाही, ओठ वाकडा होतो. दात बांधून ठेवावेत, मग रबर लावून जबडा हलवायला शिकवावं, निसर्ग बाकीचं बघतो, असं मी शिकवत असे. २००६ मध्ये एकेल्ट आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. सात केंद्रांतले पेशंट, कुणाचं ऑपरेशन करायचं आणि कुणाचं नाही हे चिठ्ठी काढल्यासारखं ठरवलेलं, आणि शेवटपर्यंत तपासलेले ६६ जण. तुकडा १० ते ४५ अंश कललेला किंवा हाडाची उंची २ मिलिमीटर वा त्याहून जास्त कमी झालेली, अशा मोठ्या माणसांत ऑपरेशन केलेल्यांचं तोंड जास्त उघडत होतं आणि दुखणं कमी होतं. २०१० मध्ये हरियाणात रोहतकच्या सर्जनांनी आपल्याकडच्या पेशंटांवर अशीच चाचणी केली, तिचाही कल ऑपरेशनकडेच होता. रोहतकचा पेशंट आमच्या पेशंटासारखाच उशिरा येणारा आणि लांबून येणारा, म्हणून मला तिचं मोल अधिक वाटतं. आता मी बऱ्याच अशा केसेस उघडते. नसेची भीती गेलेली नाही. तिला तोलायला माझ्याकडे दुसऱ्या पारड्यात आता काहीतरी आहे, एवढंच.

लहान मुलांचं मात्र वेगळं आहे आणि इथे थोडं थांबून सांगते, कारण वाचकांत आईवडील असतील. मूल पायरीवरून हनुवटीवर पडतं, हनुवटी फाटते, गावचे डॉक्टर टाके घालतात आणि मूल घरी जातं. कानाजवळचं हाड मोडलं आहे का, हे कुणी बघतच नाही. त्या वयात हाड झपाट्याने भरतं आणि कधीकधी सांधाच कवटीला चिकटतो. मग पाच-सात वर्षांनी ते मूल आमच्याकडे येतं तेव्हा त्याच्या दातांत बोटही जात नाही, हनुवटी मागे राहिलेली असते, रात्री श्वास अडकतो. मोठं ऑपरेशन लागतं. मुलांत हे फ्रॅक्चर बहुधा चिरावं लागत नाही; वेळेवर ओळखून जबडा लवकर हलता ठेवावा लागतो. हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाचं तोंड पूर्ण उघडतं का, ते पुढचे काही महिने घरी बघत राहा.

इम्प्लांटकडे मी वळले ती बहुतेक सर्जनांसारखीच, उत्साहाने. प्लेट टायटॅनियमची आणि इम्प्लांटही टायटॅनियमचा. हाड या धातूला जवळ करतं, हा शोधच विलक्षण आहे. पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडनमधले संशोधक १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची कुपी बसवून रक्ताभिसरण बघत होते. प्रयोग संपल्यावर ती कुपी निघेना. हाड तिला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्यांनी योस्ता लार्सन यांच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते इम्प्लांट चाळीसहून जास्त वर्षं काम देत होते. ही गोष्ट मी वर्गात आणि पेशंटसमोर असंख्य वेळा सांगितली आहे. गोष्ट खरी आहे. पण तो एक पेशंट आहे, आणि एका पेशंटच्या गोष्टीवरून दुसऱ्याला काय मिळेल ते ठरत नाही, याचा विचार मी फार नंतर केला.

ब्रोनेमार्क यांचं मोठेपण मला आता त्यांच्या शोधापेक्षा त्यांच्या धीरात दिसतं. स्वीडनमधल्या दंतवैद्यांचा त्यांना मोठा विरोध होता. त्यांनी पेशंट बोलावत राहून नोंदी ठेवल्या. त्यांच्या गटाचा पंधरा वर्षांचा अहवाल १९८१ मध्ये आला आणि १९८२ च्या टोरांटोच्या परिषदेनंतर जगाने त्यांना मान्य केलं. १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचे निकष घालून दिले: इम्प्लांट हलता कामा नये, दुखता कामा नये, पहिल्या वर्षानंतर भोवतालचं हाड वर्षाला ०.२ मिलिमीटरपेक्षा कमी झिजलं पाहिजे, आणि असं यश पाच वर्षांनी किमान ८५ टक्के, दहा वर्षांनी किमान ८० टक्के असावं.

आज दवाखान्याच्या भिंतीवर "९८ टक्के यश" असं दिसतं तेव्हा बहुधा मोजलेलं असतं ते एवढंच, की इम्प्लांट अजून तोंडात आहे. तोंडात असणं आणि निरोगी असणं यांतलं अंतर स्वीडनमधल्याच एका अभ्यासाने मला नेमकं दाखवलं. डेर्क्स आणि सहकाऱ्यांनी कुणा एका नामांकित दवाखान्याचे पेशंट घेतले नाहीत. देशाच्या विमा नोंदवहीतून, २००३ च्या सुमारास इम्प्लांट बसवलेली माणसं त्यांनी यादृच्छिक पद्धतीने निवडली. कुणी विशेषज्ञाकडे बसवलेले, कुणी गल्लीतल्या डेंटिस्टकडे. २,७६५ जणांची कागदपत्रं तपासली. त्यांतल्या काहींना नऊ वर्षांनी बोलावून प्रत्यक्ष तपासलं. ७.६ टक्के लोकांनी किमान एक इम्प्लांट गमावला होता. २०१६ मध्ये छापलेल्या पुढच्या भागात तपासलेल्या ५८८ जणांपैकी ४५ टक्क्यांना इम्प्लांटभोवती सूज, रक्त येणं आणि अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हाड झिजणं, असा आजार आढळला. यात किरकोळ झीजही धरलेली आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. २ मिलिमीटरहून जास्त झीज असलेले १४.५ टक्के होते. आकडा घाबरवणारा नाही, पण भिंतीवरच्या आकड्याशी त्याचं नातं लागत नाही.

हा अभ्यास मला इतका जवळचा का वाटला, ते उघड आहे. त्यात न परतलेला पेशंट शोधून आणलेला होता.

पैशाचाही प्रश्न आहे आणि तो टाळता येत नाही. २०१० मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने इम्प्लांटवरच्या ४१ चाचण्या तपासल्या. त्यांतल्या ६३ टक्क्यांत खर्च कुणी केला हेच लिहिलेलं नव्हतं, आणि जिथे कंपनीचा पैसा होता तिथे इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण कमी नोंदलं गेलं होतं. माझ्या पुष्कळ इम्प्लांट कोर्सचं जेवणखाण आणि हॉटेल कंपन्यांनीच दिलेलं आहे. तिथे शिकवणारे लोक मनापासून शिकवत होते, यात मला शंका नाही. पण निकामी झालेल्या केसच्या स्लाइड तिथे फार कमी दिसल्या.

म्हणून मी इम्प्लांट सोडले का? मुळीच नाही. उलट एका बाबतीत माझा आग्रह वाढला. खालची कवळी तोंडात तरंगते, हे ज्याने आजीला भाकरी दुधात कुस्करून खाताना पाहिलं आहे त्याला सांगायला नको. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात भरलेल्या परिषदेने ठरवलं, की खालचे सगळे दात गेलेल्या माणसाला दोन इम्प्लांटवर अडकणारी कवळी हाच पहिला पर्याय द्यावा. त्यामागच्या चाचण्यांत माणसांना विचारलं होतं: चावता येतं का, चार लोकांत बसून जेवता येतं का, समाधान आहे का. पूर्वी मी अशा पेशंटला सहा-आठ इम्प्लांटचे फिक्स दात सुचवत असे आणि खर्च ऐकून तो उठून जात असे. आता दोनचा पर्याय आधी सांगते.

दुसरीकडे, हिरडीच्या आजाराने हललेली पण उपचाराने टिकण्याजोगी दाढ काढून तिथे इम्प्लांट घालण्याची घाई मी सोडली. नीट उपचार केलेले, निगा राखलेले दात टिकण्यात इम्प्लांटच्या मागे नसतात, असं २०१३ च्या एका आढाव्यात स्पष्ट मांडलं आहे. आणि औषधाबाबत गंमत अशी, की फ्रॅक्चरनंतर दिवसेंदिवस दिलेलं अँटिबायोटिक निरुपयोगी, पण इम्प्लांटच्या आधी तासभर दिलेला २ ग्रॅम अमॉक्सिसिलिनचा एकच डोस उपयोगी: चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनुसार २५ जणांना तो दिला तर एकाचं लवकरचं अपयश टळतं. तेच तोंड, तेच हाड, तेच औषध. तर्काने हे कुणाला सांगता आलं असतं?

अपघातात पुढचे दात गमावलेल्या मुलांचे पालक पहिल्याच दिवशी इम्प्लांटचं विचारतात. वाढीच्या वयात इम्प्लांट घालत नाहीत. भोवतालचा जबडा वाढतो आणि इम्प्लांट जिथल्या तिथे राहून आत बुडाल्यासारखा दिसतो. मोठ्यांतही आधी फ्रॅक्चर जुळू द्यावं. आणि दात जाऊन वर्षं लोटलेल्या, झिजून बारीक झालेल्या म्हाताऱ्या जबड्यात तर इम्प्लांट घालतानाच हाड मोडू शकतं. १० मिलिमीटरपेक्षा कमी उंचीच्या अशा जबड्याला शाम्पींची लहान प्लेट पेलत नाही. तिथे जाड, लांब प्लेटच लागते. कोपऱ्यावर एक लहान प्लेट पुरते म्हणून सगळीकडे पुरते, असं नाही.

आपल्याकडे संशोधन कमी होतं असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत थिसिस लिहावाच लागतो. अडचण अशी, की परीक्षेची तारीख ठरलेली, म्हणून पाठपुरावा तीन महिने, फार तर सहा. पेशंट थोडे, आणि जे आले नाहीत त्यांच्यासाठी शेवटी एक ओळ. इम्प्लांटभोवतीचं हाड सहा महिन्यांत काय सांगणार? २००७ पासून देशात चाचण्यांची नोंदवही आहे, आधी नोंद करून मगच चाचणी सुरू करायची शिस्तही आली आहे, हे चांगलं झालं. पण एका विद्यार्थ्याच्या पेशंटांना पुढच्या विद्यार्थ्याने, त्याच्या पुढच्याने तपासत राहावं, अशी सोय विभागांनी केली तर दहा वर्षांचा अभ्यास कुठल्याही जिल्ह्याच्या कॉलेजात उभा राहील. त्याला महागडं यंत्र लागत नाही. एक वही, एक फोन आणि एसटीच्या भाड्यापुरते पैसे लागतात.

आमच्या विभागात आता थिसिसचा पहिला तक्ता न आलेल्यांचा असतो: किती जण आले नाहीत, किती जणांशी फोनवर बोललो, ते काय म्हणाले. फोनवर आम्ही साधे प्रश्न विचारतो. तोंडात तीन बोटं उभी जातात का? ओठाला स्पर्श कळतो का? भाकरी चावता येते का? कुठून पाणी किंवा पू येतो का? दुसऱ्या कुणाकडे जावं लागलं का? विद्यार्थी सुरुवातीला कुरकुरतात, नंतर त्यांनाच गोडी लागते.

माझे काही समवयस्क म्हणतात, की संशोधन सरासरीचं बोलतं आणि समोर बसलेला माणूस सरासरी नसतो. हात चांगला नसेल तर पुरावा काय कामाचा. हातावर माझाही विश्वास आहे. वाकडी लागलेली एक प्लेट सरळ लागलेल्या दोनपेक्षा वाईटच. पण माझा हात चांगला आहे की नाही, हेसुद्धा मला माझ्या हाताकडून कळत नाही. ते पेशंटकडून कळतं, आणि तेही सगळ्यांकडून विचारलं तर.

तेव्हा ज्यांच्या जबड्यात प्लेट आहे किंवा इम्प्लांट आहे, त्यांना एक विनंती. डिस्चार्ज कार्ड, ओपीजी, आणि इम्प्लांटच्या कंपनीचं व मापाचं स्टिकर असलेलं कार्ड जपून ठेवा. पुढच्या डॉक्टरला त्याची गरज पडते. काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा दाखवून जा. आणि काही बिघडून तुम्ही दुसरीकडे गेला असाल, प्लेट काढून घेतली असेल, इम्प्लांट पडला असेल, तर पहिल्या डॉक्टरला एक फोन करून तेवढं सांगा. संकोच करू नका. तुमच्यानंतर येणाऱ्या पेशंटला त्याचा उपयोग होणार आहे.